ओलीची वजावट

आवेरूच्या खाडीवर धुकं उतरतं त्या सकाळी
आमच्या गोदामातलं प्रत्येक पोतं जड होतं.
पंचवीसचं सव्वीस, कधी साडेसव्वीस.
रात्रीतून कुणी मूठभर मीठ घातलेलं नसतं,
नुसती हवा येऊन आत बसलेली असते.
माझ्या वहीत दोन रकाने: काटा, आणि ओल.
गिऱ्हाइकाला धुकं विकायचं नाही,
हा म्हाताऱ्या ओलेगारियोचा दंडक, माझ्या आधीच्या कारकुनाचा.
मापात पाप नको.
बत्तीस वर्षं पाळला मी तो.

आणि ऑगस्टमध्ये, न्हाणीघरातल्या काट्यावर,
एका आकड्यापुढे सगळा हिशेब विसरले.

पाच महिने उकडलेली कोबी, पावाची एकच चकती,
साडेनऊ किलो उतरवले होते.
मग भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा. ठरलंच होतं, पथ्य इथे संपेल.
खारवलेला कॉड, बटाटे, मक्याचा पाव,
आणि ग्रासिंदाने हातावर ठेवलेल्या
अंड्याच्या बलकाच्या गोड शिंपल्या.
किती, ते मोजलं नाही.

रविवारी एक किलो आठशे वर.
सोमवारी दोन तीनशे.

टबाच्या काठावर बसून राहिले.
सगळं परत आलं, मुद्दल आणि व्याज, दोन दिवसांत.
दाराबाहेरून वाल्देमार म्हणाला,
"आल्झिरा, कॉफी गार होतेय."
मी कोबीचा विचार करत होते.

स्वयंपाकघरात, पातेल्यात, उरलेला कॉड भिजत होता.
शुक्रवारी आणला तेव्हा फळीसारखा कडक;
आता जाड, मऊ, पांढरा,
काट्यावर टाकला तर नक्की भारी भरला असता.
पण मासा वाढला, असं कोण म्हणतं?

खाल्ल्या मिठाला जागतं शरीर.
पाण्याला धरून ठेवतं, चार दिवस, कधी आठ.
आणि पाच महिने रिकाम्या ठेवलेल्या कोठारात
पावाची साखर परत आली की
एकटी येत नाही, आपल्या तिप्पट पाणी घेऊन येते.
दोन किलो चरबी चढायला
बैलासारखं खावं लागलं असतं.
मी खाल्लं होतं एका आनंदी मावशीसारखं.

मग मीही दोन रकाने आखले.
ओलीच्या रकान्यात लिहिलं: बाप्तिस्मा.
पुढे: उकाडा. सार्डिन.
पाळी, चार महिन्यांनी, न सांगता.
गुरुवारपर्यंत दीड किलो आपोआप गळालं,
उन्हात ठेवलेल्या पोत्यासारखं.
मी हसले. एकटीच, गोदामात, मोठ्याने.

इथेच थांबता आलं असतं.

पण ऑक्टोबरमध्ये वही उलटी चाळताना दिसलं,
चढ नेहमीसारखेच, उनाड, त्यांचं काही नाही;
उतार मात्र वर सरकत होते.
आठवड्यातला सगळ्यात खालचा आकडा:
तीनशे ग्रॅमनी वर. मग पाचशे. मग आठशे.
बाहेर कोरडा पूर्वेचा वारा,
पोती बरोबर पंचवीस,
आणि काळ्या स्कर्टचा हूक लागेना.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणायची सोय नव्हती.
मुरलं होतं ते पाणी नव्हतं.

कुठून आलं, तेही ठाऊक होतं.
वाल्देमारची बोट विकली त्या महिन्यापासून
तो रात्री दहाला पायरीवर बसतो.
मी शेजारी. मध्ये पाव, चीज, सुरी.
बोलणं फार होत नाही.

आठशे ग्रॅम.
काट्याच्या रकान्यात लिहिले, शाईने.
कुठला तुकडा सोडायचा ते अजून ठरत नाही.
एक तर तो मला न विचारताच कापून देतो.

आज धुकं आहे. बंधाराही दिसत नाही.
आज मी काट्यावर चढणार नाही.
आधी पोती.