करंगळीवाला

नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिलंय :
शिल्पकार अज्ञात. शतक अकरावं, बहुधा.
दगड वालुकाश्म, पिवळसर.
माझ्या घरच्या वहीत मात्र मी त्याला करंगळीवाला म्हणते.
हातात चवरी असो, आरसा असो,
की नुसताच मोकळा सोडलेला हात,
करंगळी तो बाकीच्या बोटांत बसू देत नाही.
जरा लांब ठेवतो,
जनकगंजातल्या आमच्या द्वारकाकाकू
चहाची बशी धरताना ठेवायच्या तशी.

सतरा मूर्ती झाल्या आतापर्यंत.
आठ इथल्याच, किल्ल्याखालच्या.
बाकी चंबळेकडून आलेल्या, कधी बैलगाडीतून, कधी ट्रकमधून.
एक कुठल्याशा विहिरीवर धुण्याचा दगड होती.
पालथी. म्हणून चेहरा वाचला.

मला वाटायचं, एकटा असेल तो.
अबोल. दिवटीच्या उजेडात उशिरापर्यंत.
मग एका सोमवारी हल्केला बोलावलं,
हॉटेलांसाठी जाळ्या कोरतो तो.
त्यानं चष्मा खिशातच ठेवला. अंगठा फिरवला.
चेहरा उस्तादाचा, म्हणाला, पोट दुसऱ्याचं.
हा पाय पोराचा,
बघा, छिन्नी घाबरत घाबरत चाललीय.
आणि इथे मागे, जिथं कुणी बघणार नव्हतं,
एक डावखुरा बसला होता, जेवण झाल्यावर.
जेवणाचं कशावरून?
घाव सुस्त आहेत.
मी हसले. तो हसला नाही.

मग करंगळी दाखवली.
तो ती सोडून स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.
त्याची करंगळी वाकडी.
नवव्या वर्षी हातोडा बसला, सांधा जुळलाच नाही,
छिन्नी धरली की ती आपली बाजूला राहते.
"पोरं उस्तादाचा हात बघून शिकतात," एवढंच बोलला.
"मोडकासुद्धा."

बाहेर शाळेची सहल आली होती, कुणीतरी शिट्टी फुंकत होतं.
मी सतराही हात पुन्हा बघून आले.
वहीतलं नाव खोडलं नाही,
फक्त पुढे एक 'ले' लावून बघितला : करंगळीवाले.

निघताना चपलेत पाय सारत त्यानं विचारलं,
"दिहाडी क्या मिलती थी उन को?"
तसा रकाना नाही आमच्याकडे.
त्याचे बाराशे मी व्हाउचरवर चढवले.
सहीच्या जागी त्यानं सवयीनं अंगठा पुढे केला,
शाईचा डबा बघितला,
आणि पेन मागितलं.