दहा आणि दहा

मर्ल दोस्ताल माझ्या स्वयंपाकघरात बसलाय,
टोपी गुडघ्यावर, बिल टेबलावर.
ओट्सच्या कारखान्याचा भाजका वास
आता छताच्या भोकातून नाही,
रीतसर खिडकीतून येतो.

सात पानं.
जिप्समचे तक्ते, नग चाळीस, दर एकोणीस डॉलर.
दुकानात अकरा. मी स्वतः जाऊन पाहिलेत,
लुगड्याचा पोत बघावा तसा हात फिरवून.
खिळे. रंग. राडारोडा उचलणे.
आणि सगळ्यांच्या खाली ऐसपैस मांडी घालून
दहा टक्के वरखर्च,
दहा टक्के नफा.

"आर्लीन, तुझ्या खिशातून थोडेच जाताहेत?
विम्याचे पैसे आहेत."

एकतीस वर्षं मी लोकांचे पगार काढले, मर्ल.
पैसा कुणाचाच नाही असं जो म्हणतो
त्याचा हात तोवर पैशापर्यंत पोचलेला असतो.
हप्ते मी भरलेत.
फ्रँक गेला त्या महिन्याचासुद्धा.

माझ्या वाट्याचे पहिले दोन हजारही
तो बिलात "कुठेतरी बसवून" देणार आहे.
कुठे बसवणार?
खुर्च्या चारच आहेत.

छपरावर चढले ते विल्मर आणि त्याचा मेहुणा,
होन्डुरासचे. दुपारी पायरीवर बसून जेवले.
दोन दिवसांचे किती मिळतात, विचारलं,
तर विल्मर नुसता हसला
आणि पाणी मागितलं.

हे सगळं बोलायला मी तोंड उघडते
आणि नेमकी ती ऑगस्टची रात्र आठवते.
वादळानं आयोवाचा मका झोपवला होता,
ओकचं झाड माझ्या पलंगावर आडवं,
अख्ख्या गल्लीत दिवा नाही,
आणि साडेनऊला करवत घेऊन हा,
दातांत टॉर्च धरलेला,
स्वतःच्या घराची भिंत पडलेली असताना
माझ्या घरावर निळी ताडपत्री ठोकत होता.
खाली उतरून थंड कॉफी प्याला
आणि गेला.

सात पानांत त्या रात्रीची ओळ नाही.
मी दोनदा शोधली.

पेन्सिल घेते.
एकोणीसचे चौदा करते, गाडीभाडं धरून.
दोन हजार माझ्याच नावावर परत लिहिते.
पहिले दहा राहू देते.
दुसऱ्या दहावर टोक टेकवून विचारते,
"यातले विल्मरला किती?"

मर्ल गुडघ्यावरची टोपी फिरवतो,
एकदा, पुन्हा एकदा.
"कॉफी आहे का?"

आहे.
थंड आहे.