साठ चौकटी

अठरा जून रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात
तीन होते, तिन्ही साबणाच्या वडीएवढे.
कामिलोने एकेक उचलून तळहातावर ठेवला,
मासळीवाली कल्ले उघडून बांगडा दाखवते तसा.

"ह्याचा आवाज ऐक, किती साफ."
मी म्हटलं, आवाज नको.
"लांबचं जवळ आणतो, चारपट."
मी म्हटलं, लांब कुणी जाणार नाही.
"मग तुला पाहिजे तरी काय?"

हात. भराभर चालणारे.
बोटं एकमेकांत मिसळता कामा नयेत.

तेव्हा त्याने तिसरा, करडा, पुढे सरकवला:
सेकंदाला साठ चौकटी.
दुकानातला पंखा लावून चित्र घेतलं
आणि सावकाश दाखवलं,
प्रत्येक पातं वेगळं, धुळीच्या काठासकट.
मी पैसे मोजले.

मथूमावशीला जन्मापासून ऐकू येत नाही.
शाळेतल्या खुणा तिला कुणी शिकवल्या नाहीत,
म्हणून तिने आणि आईने मिळून आपल्या केल्या,
चोडणला, चुलीपाशी, सत्तर वर्षांपूर्वी.
फेरीबोट म्हणजे उपडा तळवा, जरासा तिरका,
ओहोटीला ती तिरकीच लागते.
पाव म्हणजे भोंपू दाबणारी मूठ.
पोर्तुगीज शिपाई म्हणजे हनुवटीखाली पट्टा.
मी म्हणजे कानाच्या पाळीला चिमटा,
कारण कान टोचताना मी सोनाराला चावलो होतो.

आई पौषात गेली.
आता ही भाषा येणारी माणसं दोन,
त्यातला एक मी, आणि माझं व्याकरण कच्चं.

पहिल्या दिवशी सगळं बिघडलं.
स्वयंपाकघरात उजेड कमी, चित्रभर मुंग्या.
सोप्यावर आणून बसवली तर मागे मांडवी चकाकली
आणि मावशी नुसती काळी आकृती.
खुर्ची फिरवली. रगड्यावर टेकवला तर डोकं कापलं गेलं.
शेवटी हातात धरला,
आणि तिने विचारलं, जेवलास?

उत्तराला दोन हात लागतात.
माझा एकच मोकळा.
माझ्या अर्ध्या शब्दाला ती हसली,
मग हात पदराखाली घेऊन गप्प बसली.

खिशात मावतो म्हणून विकलेला, तो मी खिशात घातला.
शर्टाच्या, छातीवरच्या,
भिंग काठावरून डोकावेल असा,
खाली रुमालाची घडी, बाजूला सेफ्टी पिन.
आणि दोन्ही हातांनी म्हटलं: जेवलो, बांगड्याचं हुमण.
तिने विचारलं, तिरफळं किती घातलीस?
तिथून जे सुरू झालं!

रात्री टीव्हीला जोडून पाहिलं.
माझ्या श्वासाबरोबर चौकट वरखाली होते,
होडीत बसून घेतल्यासारखी.
खालच्या कडेतून माझी बोटं येतात, चुकतात, जातात.
तिची स्वच्छ. करंगळीवर विळीचा व्रण,
नखात खोबऱ्याचा कण.

आणि आवाज, जो मला नको होता.
बांगड्या. 'लग्न' या खुणेला तीनदा वाजतात,
'मेला' या खुणेला एकदाही नाही.
आणि आईचं नाव घेताना
घशातून एक बारीक हुंकार.
पन्नास वर्षं समोर बसून मी तो ऐकला नव्हता.
तिच्याशी बोलताना मीही कान मिटून घेत असणार.

कामिलोला सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी तिने खिशाकडे बोट केलं:
ह्याला काय म्हणायचं?
मी खांदे उडवले.
तिने थोडा वेळ नदीकडे पाहिलं.
मग छातीवर दोन बोटं टेकवून पापणीसारखी उघडली
आणि करंगळी हलवली. लहान. घरातलं.

मी खाली पाहिलं. लाल दिवा केव्हाच विझलेला,
नव्वद मिनिटं संपलेली.
पुन्हा कर, मी म्हटलं.
तिने मान हलवली. तू कर.

मी केलं.
तिने हात पुढे करून
माझी करंगळी सरळ केली.