चार बोटं

पुसेगावच्या अलीकडे, जिथं रस्ता मान वळवतो,
तिथं बाबालाल मुलाणीचं पंक्चरचं दुकान.
कॉम्प्रेसरच्या मागं पत्र्याची पेटी,
पेटीत चार चादरी. धुतलेल्या.
कशासाठी, ते गावात कुणी विचारत नाही.

ओंबासे मॅडम बांधकाम खात्याच्या जीपमधून उतरल्या,
चाकाची काठी फिरवत वळण मोजलं,
दुर्बिणीला डोळा लावला, वहीत आकडे टिपले,
म्हणाल्या, "रस्ता उलटा कललाय हो, काका.
बाहेरची कड खाली गेलीय.
गाडी आपोआपच फेकली जाते."

बाबालाल गप्प.
एकोणीस वर्षं तो म्हणत आला होता
ड्रायव्हर पिलेला असणार,
डोळा लागला असणार.
आपल्या थोरल्याबद्दलसुद्धा हेच म्हणाला होता,
मातीच्या वेळी, सगळ्यांसमोर.

"किती कललाय?"
"चार बोटं."

मग निविदा, मग आचारसंहिता, मग पुन्हा निविदा.
उन्हाळ्यात रोलर आला.
कड उचलली, बाणांच्या पाट्या लागल्या,
रात्री उजेड पडला की
एकीमागून एक जाग्या होणाऱ्या.

आता वळणावर टायर नुसते कुजबुजतात.
बाबालाल तरी दोनला उठतो,
कान देतो,
कधी चालत जातो, गरम डांबरावर तळहात टेकतो
आणि बराच वेळ उचलत नाही.

तीन चादरींवर यंदा सुनेनं शेवया वाळवल्या.
चौथी तो स्वतः धुतो,
घडी घालतो,
पेटीत ठेवतो.