बघू

नोंदवहीत दोनच रकाने होते :
घेतली. घेतली नाही.
तिसरा मी पेन्सिलीनं आखला,
पट्टी नव्हती म्हणून कुणाच्या तरी आधारकार्डाच्या कडेनं,
आणि वर लिहिलं : बघू.

आठवड्यात तोच सगळ्यांत लांब झाला.

तालमीच्या हौद्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर टेबल.
तांबड्या मातीत मुरलेला ताकाचा, तेलाचा वास
स्पिरिटला काही हटत नव्हता.
भिंतीवरचे जुने पैलवान दंड फुगवून बघत होते
आणि खाली नव्वद किलोचा एक गडी
सुई दिसताच म्हणाला,
ताई, आधी त्या म्हाताऱ्याला घ्या.

म्हातारा म्हणजे सुबराव व्हटकर.
चाळीस वर्षं चपला शिवलेल्या.
बाही वर केलीच नाही, बोटं पुढं केली :
दंडाला कशाला, हितं टोचा.
हितं सवय हाय.

रेहाना बागवान मोसंबी रचता रचता म्हणाली,
मी नको म्हणत नाही,
पण आधी मागच्या गल्लीला घेऊ द्या.
मागची गल्ली म्हणाली,
पुढच्या गल्लीला.

एका निवृत्त मास्तरांनी विचारलं,
ओढ्यावरच्या पुलाला आपल्याकडं सात वर्षं लागली,
मग हे औषध वर्षात कसं झालं?
प्रशिक्षणात सांगितलेलं मी सगळं सांगितलं.
पाठ केलेल्या उत्तराला हलवावी
तशी त्यांनी मान हलवली,
आणि मार्क दिले नाहीत.

संध्याकाळी गंगावेशीत
तातोबा गवळ्याच्या म्हशी येऊन उभ्या राहतात.
लाळ्या-खुरकताची लस आली की
तातोबा सगळ्यांच्या आधी, शिंग धरून.
मी म्हणाले, तिला विचारलं होतंस?
चरवीतला आवाज थांबला.
तिला बघू म्हणता येत न्हाई, ताई,
तो म्हणाला,
आणि फेसानं भरलेला ग्लास माझ्या हातात दिला.

मी तो तसाच तोंडाला लावला.
कुठल्या म्हशीचं, हात कधी धुतले होते,
काहीच विचारलं नाही.
ओठावर फेस राहिला तेव्हा लक्षात आलं,
आणि तोही हसत होता.

आता वहीत नाही ते सांगते.
लस पहिल्यांदा आली, आमची, दवाखान्यातल्यांची,
तेव्हा यादीत माझं नाव चौथं होतं.
मी फोन केला : अंगात कणकण आहे.
कणकण नव्हती.
रंकाळ्याच्या काठावर शेंगा खात बसले होते,
टरफलं पर्समध्ये भरत,
आणि मनात एकच वाक्य, मला काही झालं तर...
त्याच्या पुढं दोन मुली उभ्या,
वाक्य पुढं जातच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घेतली.
धाडसानं म्हणाल तर नाही.
खोटं बोलायला आणखी कारण उरलं नव्हतं.
रात्री खरीच कणकण आली
आणि बरं वाटलं,
कुणाचं तरी देणं फिटल्यासारखं.

म्हणून तातोबाला मी समजावत बसले नाही.
मंगळवारी आहे म्हणाले, अकरापासून.

रेहाना आली बुधवारी, एक दिवस चुकून,
मागच्या गल्लीतल्या सात जणींना घेऊन,
रांगेत पहिलं कोण यावर भांडत.
पैलवानानं डोळे मिटून घेतली
आणि फोटो मात्र दोनदा काढायला लावला.
व्हटकर दुसऱ्या डोसाला आले नाहीत,
लग्नसराईचे जोड द्यायचे होते.
मीच गेले त्यांच्याकडं, पिशवी घेऊन.
मास्तर अजून पेन्सिलीच्या रकान्यात आहेत.
भेटले की नमस्कार करतात, विषय काढत नाहीत.

तातोबा रोज विचारतो,
ताई, दंड अजून दुखतोय?
मी म्हणते, कधीच राहिला.
तो म्हणतो, बघू.

काल मात्र धार काढताना
त्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली होती.
मी काही बोलले नाही.
थंडी बरीच होती.