तीन नंबरची खिडकी

रात्री साडेअकराला सराफ्यातून डबे आणले, नऊ.
पत्र्याचे, झाकणाला फट पाडलेले,
प्रत्येकावर आईचा तोच फोटो,
पेढीच्या ओळखपत्रावरचा,
ज्यात ती फोटोग्राफरवर रागावलेली दिसते.
हसरे फोटो होते की घरात.
पण हसऱ्या फोटोला लोक नमस्कार करतात,
पैसे टाकत नाहीत, असं मोरेश्वर म्हणाला.

पलंगावरची चादर जमिनीवर अंथरली
आणि ओतलं.
नाण्यांना जिरावनाचा वास.
दहाच्या एका नोटेला जिलबीचा पाक,
ती विसाच्या नोटेला धरूनच बाहेर आली.

मल्हारगंजातली सहकारी पेढी, खिडकी नंबर तीन,
तिथे आई एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजत बसली.
ओल्या स्पंजची वाटी, बोटाला रबरी टोपी,
ओठ हलायचे, आवाज नाही.
लहानपणी आम्हाला वाटायचं, जप करते.
कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही.
एकदा पाचशे कमी पडले.
तेव्हा पाचशे म्हणजे जवळजवळ अर्धा पगार.
रात्री नऊपर्यंत पुन्हा पुन्हा मोजलं, मग स्वतःचे भरले.
त्या दिवाळीला कुणी विचारलं तर सांगायचं होतं,
नवे कपडे शिंप्याकडे अडकलेत.

पुढे ती स्वतःचेच आकडे मोजू लागली.
रिपोर्ट आला की बोट जिभेला लावून पान उलटायची.
"पांढऱ्या पेशी बत्तीसशे. काल एकतीसशे होत्या.
जमा आहे थोडी."
शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं.
मी न विचारता सांगत राहिलो,
दोनशे-चारशे वाढवून.
तिला कळलं असणार.
खोटी नोट ती डोळे मिटून ओळखायची.

तशी एक आज निघाली, पाचशेची,
बद्रीलालच्या पानाच्या ठेल्यावरच्या डब्यात.
हा डबा त्याने स्वतः मागून घेतला होता,
"भिया, एक डब्बा हमारे यहाँ भी रख दो,"
मागे जर्द्याच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या,
मला नाही म्हणता आलं नाही, हसताही आलं नाही.
नोट मला तीनदा चाचपावी लागली.
बाजूला ठेवली.
खिशातली खरी चादरीवर टाकली.

पैसे जिथे जाणार तिथल्या डॉक्टरबाईंना
दुपारी फोन केला होता.
तीसेक हजार होतील, म्हटलं, एवढ्यात काय होतं?
बाई प्रामाणिक निघाल्या.
औषध नाही, म्हणाल्या. उत्तरही नाही इतक्यात.
एका रसायनाच्या दोन बाटल्या येतील,
आणि प्लास्टिकच्या बारीक टोकांची खोकी,
एकदा वापरायची, फेकायची.
मग जरा थांबून,
आमच्याकडे एक मुलगी आहे, तुमच्या देवासचीच.
दिवसभर भिंगाखाली पेशी मोजते.
काचेवर चौकोन आखलेले असतात,
जिवंत किती, मेलेल्या किती,
हातात टिकटिक करणारं छोटं यंत्र.
"मोजायचं मशीन नाही?"
"आहे. बंद आहे."

दोन वाजत आलेत.
रुपयाच्या नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे लावतोय,
सातशे वीसपर्यंत आलो होतो,
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना,
किक, किक, किक,
आणि मी विसरलो.

ती देवासची मुलगीही विसरत असेल,
मागून कुणी विचारलं, चहा घेणार का,
की चौकोन तसाच राहतो, आकडा जातो.

आई अशा वेळी चिडायची नाही.
समोरची रांग कुरकुरायची, कुणी घड्याळ दाखवायचं.
ती गड्डी पुन्हा सरळ करायची,
टेबलावर दोनदा ठोकून,
बोट स्पंजवर टेकवायची.

एक.