कट्टा

गणिताची पेटी जूनमध्येच आली.
शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे,
दांडे, ठोकळे, सगळं नवंकोरं.
मुख्याध्यापकांनी सही केली, कपाटात ठेवली.
"हरवतात हो बाई. नंतर हिशेब कोण देणार?"

मग मीच सांगितलं पोरांना,
घरातून आणा, मोजता येईल ते काहीही.

इरण्णाने चिंचोके आणले, भाजलेले.
मधल्या सुट्टीपर्यंत सात उरले.
मुदस्सरने कारखान्यातल्या रिकाम्या कांड्या आणल्या,
एकीवर अजून गुलाबी सूत,
कुठल्याशा चादरीवरचा मोर व्हायचं राहून गेलेलं.
आणि रजिता गुंडेटीने
खराट्याच्या काड्या, एका मापाच्या कापून.

दहा-दहाचे गठ्ठे करा, म्हटलं. रबरं वाटली.
पत्रे तापले होते. पंखा नुसता टांगलेला.
ती पुटपुटत होती, ओकटी, रेंडू, मूडू,
'पदि'ला थांबेल वाटलं,
थांबली पंचविसाला.
रबर सारून दोरा मागितला,
दोन वेढे, एक गाठ, दाताने तोडला.
सहा वर्षांच्या बोटांना ही गाठ कुणी शिकवली
ते विचारायची गरज नव्हती.

"दहा गं, रजिता."
"दहाचा कट्टा नसतो, बाई."
मग त्यातलीच एक वाकडी काडी उपसून
तिने खिडकीतून फेकली. "छाट आहे.
चेकरला दिसली तर पैसे कापतो."
"आता किती राहिल्या?"
"चोवीस," माझ्याकडे न बघताच.
वजाबाकीचा धडा दिवाळीनंतर आहे.

एकोणतीसला मात्र दरवर्षी सगळा वर्ग अडतो.
त्यांच्या घरी ते सरळ असतं, इरवै तोम्मिदी, वीस नि नऊ.
आमच्यात नऊ ऐकूच येत नाही,
आधी तीस गाठायचे, मग एक पाऊल मागे.
मी फळ्यावर लिहीत होते, पुसत होते.
"म्हणजे तिसातली एक छाट,"
ती म्हणाली,
आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं.

शेवटी एक कट्टा सोडायला लावलाच तिला.
दोन दहा झाले, रबरात नीट बसले.
पाच काड्या मुठीत राहिल्या.
"ह्या कशात घालू?"
"कशातच नाही. ह्या सुट्ट्या."

तिने मूठ उघडून पाहिलं, परत मिटली.
"आईला नसतात सुट्ट्या," म्हणाली,
आणि पुढच्या वीस शोधायला
खराट्याकडे गेली.